भांडण लफ्जाचे की हकीकतीचे?

भुसावळजवळच्या एका गावी आम्ही लग्नाच्या दावतीला गेलो होतो. मांडवात एका कोपऱ्यात दोन बुजुर्ग शेजारी शेजारी बसले होते. एक गावातले हाजीसाहेब, कापसाचे जुने व्यापारी. दुसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना सगळे गाव 'सर' म्हणते. सर मांसाहार करत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी घरच्या बायकांनी वांग्याचे भरीत आणि पुऱ्या वेगळ्या केल्या होत्या. ते भरीत थंड होत होते आणि दोघांचे भांडण तापत होते.

"सर, खानदेश म्हणजे खानाचा देश. हे मला शाळेत तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं, हाजीसाहेब. पण ते इंग्रजांच्या पुस्तकावरून. मूळ नाव कान्हदेश. कान्हाचा देश. खान नंतर आले."

"म्हणजे आम्ही नंतर आलो?"

"मी तुमच्याविषयी काय बोललो? मी नावाविषयी बोलतोय."

हे भांडण वीस वर्षे जुने आहे, असे शेजारच्या पोराने आम्हाला हसत सांगितले. एरवी दोघे एकमेकांच्या घरी ईदेला आणि दिवाळीला चुकत नाहीत. आम्हीही हसलो, पण घरी परतताना त्या संभाषणातले तिसरे वाक्य मनातून जाईना. हाजीसाहेब ज्या प्रश्नाला उत्तर देत होते तो सरांनी विचारलाच नव्हता. सर ज्याची ग्वाही देत होते त्यावर हाजीसाहेबांची हरकत नव्हती. एका शब्दाच्या पोटात तीन भांडणे होती आणि दोघेही ती एकच समजून लढत होते.

आपल्या मदरशांच्या जुन्या शिक्षणात यासाठी नेमके शब्द आहेत. मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, शिकवताना उस्ताद दोन प्रकारचे वाद वेगळे करून दाखवत. एक निजा-ए-लफ्जी, म्हणजे केवळ शब्दावरून झालेला तंटा. दुसरा निजा-ए-मानवी, म्हणजे खरोखर गोष्टीवरून झालेला तंटा. परिभाषेवरून भांडू नये, प्रत्येकाला आपली परिभाषा ठरवण्याचा हक्क आहे, असा एक नियमच अरबी ग्रंथांतून सांगितला जातो. मौलाना रूमींनी मसनवीच्या दुसऱ्या दफ्तरात याची गोष्ट सांगितली आहे. चौघांना मिळून एक दिरहम मिळतो. इराणी म्हणतो अंगूर घेऊ, अरब म्हणतो मला अंगूर नको, इनब हवे. तुर्काला उझुम पाहिजे आणि रूमी माणसाला इस्ताफील. चौघांत मारामारी होते. चारही शब्दांचा अर्थ द्राक्षे. चार भाषा जाणणारा एखादा तिथे असता तर त्या एका दिरहमात चौघेही खूश झाले असते.

गोष्ट सुंदर आहे, पण आम्हाला ती नेहमी थोडी सोपी वाटत आली आहे. चौघांना द्राक्षेच हवी होती म्हणून दुभाष्याने काम भागले असते. त्यातल्या एकाला खरेच टरबूज हवे असते तर? मग दुभाषी कितीही हुशार असो, दिरहम एकच आणि फळे दोन. तेव्हा तंटा कोणत्या जातीचा आहे हे आधी तपासावे लागते. तपासण्याची रीत साधी आहे. ज्या शब्दावरून भांडण पेटले तो शब्द थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना सांगायचे की आता तुमचे म्हणणे त्या शब्दाशिवाय मांडा. भांडण विरघळले तर ते लफ्जी होते. उरले तर जे उरले तेच खरे भांडण, आणि त्याला पुरावा लागेल.

हीच रीत खानदेशावर लावून पाहू.

आधी जे पक्के आहे ते. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने १३७० मध्ये मलिक राजा या सरदाराला थाळनेरची जहागीर दिली. थाळनेर म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव. १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार करू लागला. आपला वंश तो हजरत उमर फारूक यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून घराणे फारुकी म्हणवले. १३९९ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा नसीर खान याने आसा अहिराकडून असीरगड घेतला आणि तापीकाठी नवे शहर वसवून त्याला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून बुऱ्हाणपूर नाव दिले. हे बुऱ्हानुद्दीन खुलदाबादला विसावलेले चिश्ती बुजुर्ग. गुजरातचा सुलतान अहमदशहा याने नसीरला 'खान' हा किताब दिला. बाप 'मलिक' आणि मुलगा 'खान' एवढा फरक इथेच दिसतो. पुढे दोनशे वर्षे या घराण्याचे बहुतेक राजे खानच म्हणवले गेले. थाळनेरला फारुकींचे मकबरे आजही उभे आहेत. आमच्या लोकांपैकी किती जणांनी ते पाहिले आहेत, हा प्रश्न विचारला तर उत्तर ऐकून मान खाली जाते.

पुढचीही एक गोष्ट पक्की आहे आणि ती भांडणात कोणीच आणत नाही. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. सुभा शहजादा दानियाल याच्याकडे गेला. आईने अकबरीत नोंद आहे की या सुभ्याला आधी खानदेश म्हणत, तो दानियालकडे आल्यावर त्याचे नाव दानदेश झाले. म्हणजे हिंदुस्थानातल्या सर्वांत बलाढ्य बादशहाने हुकूम काढून या मुलखाचे नाव बदलले होते. दानियाल १६०५ मध्ये वारला. दानदेश हे नाव फार दिवस तगले नाही. बाजारातल्या माणसांनी ते उचललेच नाही, असेच म्हणावे लागते.

सरांची बाजूही हवेतली नाही. फारुकींच्या आधी इथे यादवांचा अंमल होता आणि यादवांच्या मुलखाला सेउणदेश म्हणत. म्हणजे 'देश' जोडून मुलखाचे नाव करण्याची रीत इथे खानांच्या आधीपासून होती. इथे अहिरांची, म्हणजे जुन्या आभीरांची मोठी वस्ती होती. अहिराणी हे बोलीचे नावच त्यांच्यावरून पडले. गवळ्यांच्या मुलखाला गवळ्यांच्या लाडक्या देवाचे नाव असावे, हा तर्क सहज सुचतो. कोणी त्याहून मागे जाऊन खांडववनापर्यंत पोचतात.

आता 'खानदेश' हा शब्द बाजूला ठेवून विचारू. पहिला प्रश्न : या मुलखाला आजच्यासारखे ऐकू येणारे नाव पहिल्यांदा कोणत्या साली, कोणत्या कागदावर किंवा दगडावर लिहिलेले सापडते? हे हकीकतीचे भांडण आहे. नसीरला किताब मिळण्याच्या आधीचा, तारीख असलेला आणि वाचन पक्के झालेला 'कान्हदेश' असा उल्लेख पुढे ठेवला की हाजीसाहेबांनी गप्प बसायचे. तो पुढे येईपर्यंत सरांनी 'मूळ नाव' हा शब्द जपून वापरायचा. नंतरच्या काळातल्या पोथीत कान्हदेश आले तर त्यावरून एवढेच ठरेल की नंतरचे लोक असे समजत होते.

दुसरा प्रश्न : नावाचा अर्थ काय? इथे मामला बदलतो. शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ वेगळा. चोपड्याचा शेतकरी 'आपला खानदेश' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ना नसीर खान असतो ना श्रीकृष्ण. त्याच्या मनात तापी असते, केळी असतात, कळण्याची भाकरी असते. अर्थाच्या या भांडणात सरांना कान्हा ऐकू येत असेल तर त्यांनी तो ऐकावा. हाजीसाहेबांच्या खिशातून काही जात नाही.

तिसरा प्रश्न हाजीसाहेबांनी विचारला होता. "म्हणजे आम्ही नंतर आलो?" हा ना शब्दाचा प्रश्न आहे, ना तारखेचा. हा प्रश्न आहे की या जमिनीवर आपला हक्क कुणी मोजतोय का, आणि मोजत असेल तर नावाच्या वयावरून मोजतोय का. नाव कान्हाचे निघाले तरी हाजीसाहेबांच्या शेताचा सातबारा बदलत नाही. खानाचे निघाले तरी सरांच्या शेताचा बदलत नाही. पण भीती खरी आहे. ती खरी आहे म्हणूनच माणूस एका व्युत्पत्तीला एवढा घट्ट धरून बसतो, आणि त्या भीतीचे उत्तर कोणत्याही कोशात मिळणार नाही.

धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची शेवटची वर्षे गेली. १९२६ मध्ये ते तिथेच वारले आणि त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांना व्युत्पत्तीचे विलक्षण वेड. त्यांचे धातुकोश आणि नामादिशब्दांचे व्युत्पत्तिकोश त्यांच्या मागे याच मंडळाने काढले. त्यांच्या कितीतरी व्युत्पत्त्या आज कोणी मानत नाही. पण मूळ कागद गोळा करायला गावोगाव पायपीट करणारा तो माणूस होता. त्याने गोळा केलेले कागद त्याने लावलेल्या अर्थांपेक्षा जास्त टिकले. आम्हाला यात बरेच काही दिसते.

आणखी एक गंमत. सरकारी नकाशावर खानदेश नावाचा जिल्हा आज नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. महाराष्ट्र झाल्यावर पूर्व खानदेशाचा जळगाव आणि पश्चिम खानदेशाचा धुळे झाला. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जो शब्द जिल्ह्याच्या पाटीवर उरलाच नाही त्यावरून दोन शहाणी माणसे भरीत थंड होऊ देतात.

हसण्यावारी नेण्यासारखे हे भांडण आहे. सगळी तशी नसतात. जुन्या खानदेशाच्याच राजधानीत लिहिल्या गेलेल्या एका छोट्या किताबाची हकीकत सांगतो. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण रावेरहून तिथे जायला फार वेळ लागत नाही. फारुकींच्या अखेरच्या काळात ते सूफींचे मोठे केंद्र होते. सिंधमधून आलेल्या अनेक खानदानांनी तिथे खानकाहे उभारली. तिथल्या शेख मुहम्मद बिन फजलुल्लाह यांनी १५९० मध्ये अरबीत एक रिसाला लिहिला : 'अत-तुहफतुल मुरसला'. विषय वजूद, म्हणजे अस्तित्व. खुदाची जात आणि ही सृष्टी यांचे नाते सांगण्यासाठी त्यांनी अस्तित्वाचे सात मर्तबे, सात पायऱ्या मांडल्या. वरची पायरी अशी की तिच्याविषयी काहीच बोलता येत नाही आणि सातवी पायरी इन्सानाची. शेख १६२० मध्ये वारले.

हा रिसाला हजच्या आणि व्यापाराच्या वाटेने पार सुमात्रा बेटावरच्या अचेह सल्तनतीत जाऊन पोचला. तिथे शम्सुद्दीन सुमात्रानी या विद्वानाने सात मर्तब्यांची शिकवण फैलावली. १६३० मध्ये ते वारले. मग १६३७ मध्ये अचेहला आले नूरुद्दीन रानीरी. रानीरी म्हणजे रांदेरचे. रांदेर सुरतेला लागून, तापीच्या काठी. बुऱ्हाणपूरही तापीच्या काठी. एकाच नदीच्या वरच्या अंगाला लिहिलेली किताब आणि खालच्या अंगाला जन्मलेला मुफ्ती समुद्रापलीकडे समोरासमोर आले.

रानीरींनी सुलतान इस्कंदर सानी याचा आश्रय मिळवला आणि फतवा दिला की सृष्टी आणि खुदा यांचे वजूद एक आहे असे म्हणणारे हे लोक काफिर आहेत. किताबे मशिदीसमोर जाळली गेली. ज्यांनी तौबा केली नाही त्यांतले काही मारले गेले. १६४१ मध्ये सुलतान गेला, तख्तावर राणी आली, वाद पुन्हा उसळला आणि १६४४ मध्ये रानीरींना अचेह सोडावे लागले. रांदेरला परतून ते १६५८ मध्ये वारले.

आता इथे 'वजूद' हा शब्द बाजूला ठेवून अचेहच्या त्या माणसाला विचारायचे होते : भाई, तुझ्या मते हे झाड खुदा आहे का? नमाज-रोजा तुझ्यावरून उतरला का? की तू एवढेच म्हणतोस की झाडाला स्वतःच्या जोरावर असणे नाही, ते क्षणोक्षणी त्याच्या देणगीवर आहे? तो जर दुसरे म्हणत असेल तर रानीरींनाही त्यात आक्षेप घेण्यासारखे फार काही नव्हते. इब्न अरबींना ते स्वतः मानत होते. त्यांची तक्रार होती की अचेहच्या लोकांनी इब्न अरबींचे बोल उलटे घेतले. म्हणजे खरा प्रश्न होता, 'हे लोक नक्की काय म्हणतात?' आणि त्याचे उत्तर तलवारीच्या आधी विचारायला हवे होते.

ते काम मग मदिनेत झाले. अचेहचे आणि जावाकडचे विद्यार्थी तिथे इब्राहीम कुरानी या उस्तादांकडे शिकत होते. आपल्या मुलखातला हा घोळ त्यांनी उस्तादांपुढे मांडला आणि कुरानींनी बुऱ्हाणपूरच्या त्या रिसाल्यावर अरबीत भाष्य लिहिले. काय म्हणायचे आहे आणि काय म्हणायचे नाही, हे त्यांनी शरीयतच्या चौकटीत ठेवून उलगडून दाखवले. त्यांचे शागिर्द अब्दुर्रऊफ सिंकिली १६६१ मध्ये अचेहला परतले आणि त्यांनी नरमाईचा सूर लावला. जाळलेल्या किताबांच्या प्रती पुन्हा झाल्या असतील. मेलेली माणसे मात्र एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये गेली ती गेलीच.

तरी इथे घाई करून चालणार नाही. पुढच्या शतकात दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी असाच एक मोठा वाद हाती घेतला. इब्न अरबींचे वहदतुल वजूद आणि शेख अहमद सरहिंदींचे वहदतुश शुहूद यांतला फरक मुख्यतः लफ्जी आहे, असे त्यांचे म्हणणे. किती दिलासा देणारी गोष्ट! पण सरहिंदींच्या परंपरेतल्या काही विद्वानांनी, उदाहरणार्थ गुलाम यह्या बिहारी यांनी, ते मानले नाही. त्यांचे म्हणणे की आमचा मतभेद खरा आहे, त्याला शब्दांचा घोळ म्हणून मिटवू नका. आम्हाला ही हरकत मोलाची वाटते. 'अहो, हा तर शब्दांचा खेळ आहे' असे म्हणणे हाही एक दावा आहे आणि तोही सिद्ध करावा लागतो. बहुतेक वेळा हे वाक्य तोच म्हणतो ज्याला भांडणात गमावण्यासारखे काही नसते.

याची प्रचीती सातपुड्याच्या पायथ्याशी येते. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत तडवी भिल्लांची गावे आहेत. तडवी भिल्ल मुसलमान आहेत. निकाह पढतात, दफन करतात. त्याचबरोबर डोंगराशी, पिकांशी, नात्यागोत्यांशी जोडलेल्या कित्येक चालीरीती भिल्लांच्या आहेत. त्यांच्याविषयी शहरातल्या दोन तऱ्हेच्या माणसांकडून आम्ही एकच प्रश्न ऐकतो. एक म्हणतो, "हे मुसलमान, मग आदिवासी कसे?" दुसरा, आपल्यातलाच, म्हणतो, "हे भिल्ल, मग पक्के मुसलमान कसे?"

शब्द बाजूला ठेवून पाहू. 'आदिवासी' या शब्दाचा एक अर्थ कायद्याचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी झाली. महाराष्ट्राच्या यादीत आठव्या क्रमांकावर भिल्ल आणि त्यांचे गट आहेत आणि त्यांत तडवी भिल्ल हे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. त्याच वर्षीच्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध जोडले गेले. जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. म्हणून कायद्याच्या अर्थाने पहिल्या माणसाचा प्रश्न उभाच राहत नाही. त्याच्या मनात 'आदिवासी' म्हणजे अमुक देव पुजणारा, असा अर्थ असेल तर तो त्याचा स्वतःचा शब्द आहे, यादीतला नव्हे. आणि धर्म बदललेल्यांना यादीतून काढा अशी मागणी कोणी करत असेल तर त्याने ती कायदा बदलण्याची मागणी म्हणून उघड करावी. यादीचा अर्थच तसा आहे असे भासवू नये. दुसऱ्या माणसाला, म्हणजे आपल्या भाईबंदाला, आम्ही एवढेच विचारतो की कलमा पढताना जात कुठे विचारतात?

पण इथे भांडण संपत नाही. इथेच सुरू होते. त्याच यादीत तेराव्या क्रमांकावर एक नोंद आहे : धनका, तडवी, टेटारिया, वळवी. म्हणजे 'तडवी' हा शब्द एकाच यादीत दोन ठिकाणी, दोन वेगळ्या समाजांसाठी आला आहे. नंदुरबारकडचा तडवी वेगळा, यावल-रावेरचा तडवी भिल्ल वेगळा. वर काही भिल्ल गावांत तडवी म्हणजे गावाचा मुखिया. एक शब्द, तीन अर्थ, आणि प्रमाणपत्राच्या अर्जावर रकाना एकच.

आम्ही रावेर तालुक्यातल्या एका घरात तीन पिढ्यांचे शाळेचे दाखले पाहिले. आजोबांच्या दाखल्यावर जातीपुढे नुसते 'तडवी'. वडिलांच्या दाखल्यावर 'मुसलमान'. मुलाच्या दाखल्यावर 'तडवी भिल्ल'. तीन मास्तरांनी तीन वेळा एकाच खानदानाला तीन नावांनी लिहिले. घरच्या माणसांत काहीच बदलले नव्हते. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश हवा होता आणि कागद म्हणत होते की हे तीन वेगळे लोक आहेत. आता इथे कोणी म्हणून पाहावे की शब्दांत काय आहे!

ही फक्त तडव्यांची गोष्ट नाही. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता कोळी आणि महादेव कोळी यांचा. जात पडताळणीची आजची पद्धत त्या निकालातून आली. २००० च्या मिलिंद खटल्यात प्रश्न होता हलबा आणि हलबा कोष्टी यांचा. न्यायालयाने सांगितले की यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची, तिच्यात चौकशी करून नवे नाव घालता येणार नाही. नियम म्हणून ते समजण्यासारखे आहे. शब्द लवचिक केला की खोटे दावेदार आत शिरतात आणि खऱ्या आदिवासींच्या तोंडचा घास जातो. पण यादीत ज्याचे नाव आहे आणि दाखल्यावर मास्तरांनी दुसरे लिहिले त्याला सिद्ध काय करायचे असते? शब्दाचा अर्थ नव्हे. त्याला सिद्ध करायचे असते की माझा पणजोबा अमुक गावचा, अमुक भावकीतला होता. ही शुद्ध हकीकत आहे. तिच्यासाठी १९५० च्या आधीचे महसुलाचे कागद, गावनमुने, जन्म-मृत्यूच्या नोंदी लागतात. तडव्यांच्या पोरांनी 'आम्ही आदिवासी आहोत की नाही' या चर्चेत रात्री घालवण्यापेक्षा तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये चार दिवस घालवावेत, असे आम्ही त्या घरी सांगून आलो. मुलाच्या आईने मोठ्या अदबीने विचारले, "भाऊ, चार दिवसांची मजुरी कोण देईल?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी एक भांडण आपल्या घरातले. मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठावर बसणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी कधीतरी विचारलेच आहे, "तुमची मातृभाषा उर्दू ना?" आणि घरातल्या मंडळींनी उलट विचारले आहे, "तू मराठीत का लिहितोस?" दोन्ही प्रश्नांत 'मातृभाषा' हा एकच शब्द आहे आणि त्याचे निदान तीन अर्थ आहेत. आईची बोली. समाजाची म्हणून मानलेली भाषा. ज्या भाषेत आपण विचार करतो ती. जनगणनेने यातला पहिला अर्थ धरला आहे : लहानपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती मातृभाषा. म्हणजे जनगणनेपुरता हा प्रश्न हकीकतीचा आहे. अभिमानाचा नाही, मजहबचाही नाही.

खानदेशात तर हा गुंता आणखी घट्ट. ग्रियर्सनने १९०७ च्या आपल्या भाषा-पाहणीच्या खंडात खानदेशीला मराठीत न घालता भिल्ली भाषांच्या सोबत ठेवले. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीच्या पोटात नाही, स्वतंत्र मोजली आहे. तिचे बोलणारे १८ लाखांहून जास्त आणि त्यांत अहिराणी नाव सांगणारेच १६ लाखांहून अधिक. ती भाषा की बोली, यावर धुळ्यात आणि जळगावात वर्षानुवर्षे परिसंवाद होतात. आमच्या मते ते भांडण बरेचसे लफ्जी आहे. व्याकरण सगळ्यांना माहीत आहे, शब्द सगळ्यांना माहीत आहेत. 'भाषा' म्हटल्याने मान मिळतो आणि 'बोली' म्हटल्याने मिळत नाही, एवढाच तंटा. तो मान मात्र लफ्जी नाही. त्यावर पाठ्यपुस्तक, पुरस्कार आणि आकाशवाणीचा वेळ ठरतो.

आमच्या घरी वालिद उर्दू शाळेत शिकलेले. आमच्या शाळेच्या अर्जावर त्यांनी मातृभाषा उर्दू लिहिली. मोठ्या भावाने आपल्या मुलांच्या अर्जावर मराठी लिहिली. दोघांत यावरून एकदा चांगलीच खटकली. अम्मी चुलीपाशी बसून ऐकत होती. तिचे माहेर पारोळ्याकडचे. तिला ना उर्दू लिहिता येत होते ना मराठी. दोघांना तिने शेवटी विचारले, "मना आंडोर, मी तुले काय भाषामा हाक मारस?"

दोघांनीही तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा आपल्या भांडणाकडे वळले. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना २०२५ च्या जूनमध्ये निघाली. प्रगणक दाराशी येईल तेव्हा अम्मी नसेल. वालिदही नाहीत. भाऊ म्हणतो, मराठी लिहू. धाकटी बहीण म्हणते, उर्दू लिहू. आम्ही दोघांना अम्मीचा प्रश्न आठवून दिला आहे. अजून ठरलेले नाही.